लखमाच्या मशीनचा आवाज

एका खाडीकाठच्या गावात एक अर्धीच बातमी फिरत होती.

अर्धी अशासाठी की ती पिठाच्या गिरणीत सुटली. तिथे पारू आपल्या पुढच्या बाईच्या कानाशी लागून सांगत होती, "लखमा तांडेलाचं मशीन कधी उघडलं ना, तर आत लखमाच्या..." तेवढ्यात गिरणीवाल्याने खटका ओढला आणि पट्टा फिरायला लागला. पुढचं सगळं पिठात गेलं. मी मागेच उभी होते. मान लांब केली, कानावरचा पदर सारला, काही उपयोग झाला नाही. गिरणी थांबली तेव्हा पारू डबा डोक्यावर घेऊन उतार उतरून गेलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन माहेरी गेली, ती मासेमारीचा हंगाम सुरू होईपर्यंत फिरकली नाही.

अर्ध्या बातमीचं एक असतं. उरलेली अर्धी ज्याची त्याने आपल्या घरी बनवायची. कोणी म्हणालं, आत लखमाचा जीव अडकलाय. कोणी म्हणालं, जीव कसला, लखमाच्या आईचं सोनं असणार. गिरणीवाल्याने सांगितलं, "मला विचारू नका, मला आयुष्यात कुणाचं पुढचं वाक्य ऐकू आलेलं नाही."

लखमा हा चांगुणेचा नवरा, आणि चांगुणा माझी शेजारीण. दोन घरांत एक कुडाची भिंत, तिकडे भाकरी थापली की इकडे कळतं. मागे एका पितळी डब्याच्या झाकणावरून तिने माझ्याशी एक अख्खा पावसाळा बोलणं टाकलं होतं. पण ते सोडून द्या. बाई मनाने फार चांगली.

आमच्याकडे बायका नवऱ्याची बोट डोळ्यांनी ओळखत नाहीत, कानांनी ओळखतात. बोट खाडीच्या तोंडाशी आली की आधी तिच्या मशीनचा आवाज येतो. प्रत्येक मशीनचा आवाज निराळा. आपला आवाज आला की त्या घरची बाई भात टाकते. बोट लागून, मासळी उतरून, माणूस पाय धुऊन आत येईपर्यंत भात वाफेला आलेला असतो.

लखमाचं मशीन जुनं, एका सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं. त्याचा आवाज साऱ्या गावाला पाठ. टुक टुक टुक टुक, आणि मध्येच एक ठक. जसा एखादा माणूस एका पायावर किंचित लंगडत घरी येतोय. ती ठक ऐकली की चांगुणा जिथे असेल तिथून उठायची.

लखमा तापाने गेला. बोट त्याच्यामागे किनाऱ्यावर पडून पडून कुजली आणि मोडून टाकावी लागली. राहिलं ते मशीन. ते चांगुणेने पडवीत ओंडक्यांवर ठेवून घेतलं, आणि रोज संध्याकाळी, बोटी यायच्या वेळेला, ती पदर खोचून हँडल मारायची. हात तिचे आधीपासूनच दणकट. टुक टुक टुक टुक, ठक. मग ती उठून चुलीवर भात टाकायची. दोन माणसांचा. उरलेला सकाळी माझ्या कोंबड्यांना यायचा. मी कधी काही विचारलं नाही. कोंबड्यांनीही नाही.

"बंद ठेवलं तर जाम होईल गो," चांगुणा म्हणायची, "म्हणून चालवते." ते खोटंही नव्हतं. बंद मशीन जाम होतंच. गावाने मान डोलावली.

पण चालू मशीनला पाणी लागतं. एका पाइपाने ते पाणी ओढतं, अंग थंड ठेवतं आणि दुसऱ्या पाइपाने बाहेर टाकतं. बोटीत असताना खाली खाडी असते, काळजी नसते. पडवीत चांगुणा पाइप बादलीत सोडायची. बादली ती केवढी! बघता बघता तळ दिसायचा. ती ओट्यावर बसलेली असायची, डोळे मिटलेले, कान मशीनकडे, मन खाडीच्या तोंडाशी. बादली रिकामी झालेली तिला कळायची नाही. कळली तरी उठवायचं नाही. थोडं अजून, थोडं अजून, असं करत कोरडं मशीन चालत राहायचं. करपल्यासारखा वास आला की मगच ती बंद करायची. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कुडाच्या भिंतीतून आवाज येतो, बादली दिसत नाही.

अशात नारळी पौर्णिमा जवळ आली. लखमाचा पुतण्या भालचंद्र, त्याला सगळे भाल्या म्हणतात, त्याने होडी बांधली होती. नवं लग्न, नवी होडी, आणि नवं मशीन घ्यायची ऐपत नाही. तो चांगुणेकडे आला.

"काकी, काकाचं मशीन मला दे. फुकट नको. तुझ्या पडवीची कौलं सगळी नवी होतील, एवढं देईन."

चांगुणेने पदराने मशीनचं हँडल पुसलं. मग म्हणाली, "घरातच राहतंय ना? मग घेऊन जा."

मशीन बघायला भाल्याने कासम मिस्त्रींना आणलं. कासम मिस्त्री म्हणजे आमच्या बंदरातल्या निम्म्या मशीनांचे डॉक्टर. बातमी कानावर गेलेली, त्यामुळे बघायला सारी आळी पडवीत. मी तर घरचीच.

मिस्त्रींनी आधी मशीनवर नुसता तळहात ठेवला.

"काय, ताप बघता की काय?" कुणीतरी विचारलं.

"तेच बघतो," मिस्त्री म्हणाले. "विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन गरम करून ठेवतात. गरम मशीन कुणाचंही चालू होतं. हे गार आहे. वहिनींनी लबाडी केलेली नाही."

लोक हसले. चांगुणा हसली नाही.

मग त्यांनी हँडल मारलं. मशीन लगेच चालू झालं. धूर बघितला. काळा नाही, पांढरा नाही, किंचित निळसर. "थोडं ऑइल खातंय," ते म्हणाले, "पण या वयात एवढं खाणारच." बंद करून ऑइलची सळई काढली, बोटांवर ऑइल चोळून बघितलं. दुधासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. चाक हाताने फिरवलं, मशीनने मागे रेटा दिला. दाब चांगला होता, त्यांनी मान डोलावली. मग ती ठक. "ही ठक लखमाच्या वेळेपासून आहे का?"

सगळी आळी एकदम म्हणाली, "लखमाच्या वेळेपासून!"

"मग असू दे. प्रत्येकाची एक खोड असते." मिस्त्रींनी हात पुसले आणि चांगुणेकडे वळून विचारलं, "रोज चालवत होतात ते बरं केलंत. पाण्यावर चालवलंत ना, वहिनी?"

चांगुणेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हो," ती म्हणाली.

"मग मी सांगतो ते ऐक, भाल्या. बाहेरून जेवढं कळतं तेवढं चांगलं आहे. आतलं उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडलं की जुनं मशीन काहीतरी मागतंच. रिंगा माग, लायनर माग. हंगाम तोंडावर आलाय. जुन्या मशीनचं खरं-खोटं त्याच्या चालवणाऱ्याला माहीत असतं. वहिनींचा शब्द असेल तर मी उघडा म्हणणार नाही."

"काकीचा शब्द म्हणजे झालंच," भाल्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी मशीन उचलायचं ठरलं. आळी पांगली. जीव नाही, सोनं नाही, काहीच न बघता घरी जावं लागलं म्हणून दोघी-तिघी नाराजच होत्या.

त्याच संध्याकाळी चांगुणेने शेवटचं म्हणून हँडल मारलं. टुक टुक टुक टुक, ठक. बादली भरून ठेवली होती. एवढ्यात दारात भाल्याची बायको रेवती आली. ही मुलगी घाटावरची, समुद्र लग्नानंतरच बघितलेला.

"काकी, बसू का?"

"बस. का गो?"

"मला हा आवाज शिकवा ना. सगळ्या जणी म्हणतात आवाजावरून कळतं. मला सगळ्या बोटी सारख्याच वाटतात. ह्यांची कुठली, ते मला कळायला हवं. नाहीतर भात कधी टाकायचा?"

चांगुणेने सरकून तिला जागा दिली. रेवतीने मशीनजवळ मान नेली, डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. टुक टुक टुक टुक, ठक. टुक टुक टुक टुक, ठक. मग डोळे उघडून आनंदाने म्हणाली, "आलं मला! आता अंधार पडला तरी हरकत नाही. ही ठक ऐकू येईपर्यंत मी दारातून हलणारच नाही."

चांगुणेने तिच्याकडे बघितलं. नुकतं लग्न होऊन आलेली चांगुणा अशीच दारात उभी राहायची. मग तिने बादलीकडे बघितलं. बादलीला तळ लागत आला होता. तिने झटकन उठून मशीन बंद केलं.

"काय झालं, काकी?"

"काही नाही. तू जा घरी. भाल्याला सांग, मिस्त्रींकडे यायला. मी पुढे होते."

कासम मिस्त्री जेवायला बसत होते. चांगुणा उंबऱ्यातच उभी राहिली. मागून धापा टाकत भाल्या आला. त्याच्या मागून मी. वाटेत दिसली म्हणून आले, असं मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

"मिस्त्री, मशीन उघडा," चांगुणा म्हणाली.

"सकाळी तर ठरलं, वहिनी."

"सकाळी मी खोटं बोलले. बादली संपायची आणि मी चालवत राहायची. एक दिवस नाही, रोज. वास येईपर्यंत."

मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला. कोरडं चाललेलं मशीन बाहेरून ठणठणीत दिसतं आणि भर समुद्रात एकाएकी धरतं, जागच्या जागी जाम होतं. होडी वाऱ्यावर जाते, वारा खडकांवर नेतो. हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती.

भाल्याचा चेहरा लाल झाला. "काकी, सकाळी साऱ्या आळीसमोर हो म्हणालीस!"

"सकाळी मी माझा आवाज जपत होते रे. ते उघडलं की तो आवाज पुन्हा येणार नाही, हे मला माहीत होतं. आता तुझ्या बायकोला दारात उभं राहायचंय. माझं काय, माझं उभं राहून झालं."

सकाळी मशीन उघडलं. आळी पुन्हा जमली, या वेळी दुप्पट. मिस्त्रींनी हेड काढलं, पिस्टन बाहेर ओढला आणि तो ज्या नळीत वर-खाली होतो त्या लायनरच्या आत बोट फिरवलं. नंतर भाल्याचं बोट धरून फिरवायला लावलं. आत उभे ओरखडे होते, मांजराने दार ओरबाडावं तसे. पिस्टन एका अंगाने करपला होता.

"चार फेऱ्या मारल्या असत्यास," मिस्त्री म्हणाले, "पाचवीला परत आला असतास की नाही, ते मी छातीठोक सांगितलं नसतं. मीही काल बाहेरून बघून चांगलं म्हणालो होतो. निळा धूर मला दिसला होता, आणि मी तो वयावर ढकलला."

चांगुणा खाली बघत उभी होती. हे ओरखडे तिचे होते. रोजच्या संध्याकाळचे.

मिस्त्री खालच्या बाजूला वळले. क्रँकला, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याला, धरून ठेवणारं बेअरिंग त्यांनी सोडवलं, आणि थांबले. बेअरिंगच्या टोपणाखालून त्यांनी एक पिवळी पट्टी ओढून काढली आणि फडक्याने पुसली.

"सोनं!" मागून एक जण ओरडली.

"पितळ," मिस्त्री म्हणाले. "बेअरिंग ढिलं झालं होतं. नीट करायचं तर क्रँक घासायला शहरात पाठवावा लागतो, अख्खा हंगाम जातो. लखमाने घरातलं काहीतरी कापून पट्टी घातली आणि भागवलं. पुढे ती पट्टीही झिजली. तुमची ती ठक, ती हीच." मग त्यांनी पट्टी उजेडात धरली. "अक्षरं आहेत. वहिनी, हे तुमच्या घरचं का?"

ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, लग्नात भांड्यांवर नाव घालतात तशी. पट्टीवर एवढंच उरलं होतं: सौ. चां.

चांगुणेने पट्टी हातात घेतली. एकदा वाचली. आधी तिला हसू फुटलं. "माझ्या डब्याचं झाकण! मला म्हणाला मांजरीने नेलं. मांजर पितळ खाते का, असं मी म्हटलं, तर म्हणाला, मग शेजारणीने नेलं असेल."

साऱ्या आळीने माझ्याकडे बघितलं.

"एक पावसाळा," मी म्हणाले. "एक अख्खा पावसाळा माझ्याशी बोलली नाहीस."

"तो खुशाल बघत होता गो," चांगुणा म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "मी तुझ्याशी भांडत होते आणि तो तिथे बसून जाळं विणत होता." मग ती मशीनजवळ खाली बसली आणि रडली. लखमा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, भिंतीला कान लावून बसलेल्या मला ते माहीत आहे. एवढी वर्षं ज्या आवाजाला ती नवऱ्याची चाल समजून उठत होती, ते मशीनचं दुखणं होतं. त्याने ते तिच्यापासून लपवलं होतं, तिला घोर लागू नये म्हणून. आणि आपण केलेलं दुखणं तिने गावापासून लपवलं होतं.

मग खर्चाचं बोलणं निघालं. मिस्त्रींनी बाहेरचं ओतीव अंग ठोकून बघितलं, कुठे तडा नव्हता. क्रँक घासून चालण्यासारखा होता. "हे दोन गेले असते तर भंगारात घाल म्हणालो असतो," ते म्हणाले. "अंग आणि क्रँक शाबूत, म्हणून जीव ओतण्यात अर्थ आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवं घालायचं. ह्या जातीचं मशीन आता निघत नाही, सामान शोधत फिरावं लागेल. नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्तच जाईल. पण नव्यासारखं चालेल."

भाल्या डोकं धरून बसला. "काकीला द्यायचे ते, आणि वर हे. कुठून आणू? आणि पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या पाण्यात, माझी वाळूत. लोक नारळ माझ्या डोक्यावर फोडतील."

"मला काही द्यायचं नाही," चांगुणा म्हणाली. "मला द्यायचं ते मशीनच्या पोटात घाल. ओरखडे माझे आहेत."

"आणि कौलं, काकी?"

"गळेल तिथे बादली ठेवेन. आता मोकळीच आहे ती."

रेवती पुढे सरकली. ती नवऱ्याला म्हणाली, "वाळूत असली म्हणजे मला दिसते तरी. राहू दे थोडे दिवस."

नारळी पौर्णिमा झाली. सगळ्यांच्या होड्या गेल्या, भाल्याची वाळूत राहिली. येता-जाता लोक टोमणे मारायचे, "काय भाल्या, होडीत भाजी लावतोस का?" क्रँक शहरातून परत आला, सामान कुठून कुठून गोळा झालं, मिस्त्रींनी मशीन बांधलं. या वेळी चालू करून बघताना पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं, आणि त्याच्यापाशी चांगुणा तांब्या घेऊन उभी. पिंप अर्ध्यावर आलं की भर. कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी भाल्याची होडीही गेली.

त्या संध्याकाळी चांगुणा आपल्या दारात उभी होती. मी माझ्या. एकामागून एक बोटी खाडीच्या तोंडाशी येत होत्या. हे ह्याचं, ते त्याचं, आम्हाला सगळे आवाज ओळखीचे. मग एक आवाज आला. सरळ, एकसारखा, टुक टुक टुक टुक टुक टुक. चांगुणेने कान दिला. थोडा वेळ वाट बघितली. ठक आली नाही.

"कुणाचं गो हे?" तिने मला विचारलं. "परक्या गावचं वाटतं."

तेवढ्यात खालच्या घरातून रेवती धावत बाहेर आली. रोज मिस्त्रींच्या दारात बसून तिने हा नवा आवाज पाठ केला होता. "काकी! आपलं आलं! आपलं मशीन आलं!"

चांगुणा तशीच उभी राहिली. होडी आत येईपर्यंत ती ऐकत होती. त्या आवाजात आता कुणीही लंगडत नव्हतं. मग ती आत गेली आणि तिने भात टाकला. एकटीपुरता. भिंतीतून मला तांदूळ धुतल्याचं ऐकू आलं, थोडेच होते. सकाळी माझ्या कोंबड्या ताटकळल्या.

पितळी पट्टी मिस्त्रींनी तिला परत दिली होती. ती तिने त्या बिनझाकणाच्या डब्यावर ठेवली आहे. पट्टी ती केवढी, डबा झाकत नाही. तरी तिथेच असते. पुसलेली असते.

पारू माहेराहून आली ती थेट गिरणीत भेटली. मी तिला हाताला धरून गिरणी सुरू व्हायच्या आत विचारलं, "पारू, त्या दिवशी काय म्हणत होतीस? मशीन उघडलं तर आत लखमाच्या काय?"

"घरातलं काहीतरी आहे, एवढंच," पारू म्हणाली. "आमचे हे त्याच्या बोटीवर खलाशी होते ना. त्याला एकदा पितळ कापताना बघितलं होतं. कशाचं ते ह्यांनाही माहीत नव्हतं."

मागच्या बायका हिरमुसल्या. "म्हणजे जीव नव्हता?"

"नव्हता," मी म्हणाले.

"सोनंही नव्हतं? मग बातमी खोटीच की!"

"निम्मी खरी होती," मी सांगायला लागले. "आत लखमा नव्हता, पण त्याच्या हातचं..." आणि गिरणीवाल्याने खटका ओढला.

तात्पर्य: जुन्या वस्तूवर आपली माया असली की तिचं दुखणंही आपल्याला गोड वाटतं, म्हणून ती दुसऱ्याच्या भरवशाला देण्याआधी तिचा दोष आपल्याच तोंडाने सांगावा, मग त्यापायी आपली आवडती आठवण मोडावी लागली तरी चालेल.